दहा गोळ्या आणि सकाळचं भजन

गुरु. ६ नोव्हें.
सेंटरला गेले. चालतच, रिक्षा नाही. औषधाच्या तारखा चुकवून बसलेले माझ्या यादीतले तिघंही आज आले. त्यातला एक तर सात महिन्यांनी. दारातच म्हणाला, "मावशी, तुमच्या फोनला घाबरून आलो." म्हटलं, घाबर, पण येत जा. काउन्सेलर मॅडम डॉक्टरांना म्हणाल्या, मावशींच्या यादीतलं माणूस सहसा गळत नाही. डॉक्टर मान वर करून हसले. मी मॅट्रिक, तीही दुसऱ्या खेपेला. आणि हे शिकलेले लोक मला विचारतात, या पेशंटशी कसं बोलू. घरी येऊन देवापुढे साखर ठेवली.
माझीही बाटली घेतली. बारा वर्षांत एचआयव्हीची गोळी एक रात्र चुकवली नाही. ह्यांनी मधेच सोडली होती. घेतली म्हणायचे आणि मी विश्वास ठेवला. असो. ते जाऊन नऊ वर्षं झाली.
मॅडम निघताना हळूच म्हणाल्या, "तुमच्या र. चा रिपोर्ट झकास आलाय. विषाणू दिसतच नाही रक्तात. सोमवारी तारीख आहे तिची, तेव्हा सांगते." नवरा गेल्यावर हीच पोरगी औषध टाकून घरात बसली होती. चार वर्षांपूर्वी मीच तिला परत आणली. चालत घरी आले, पाय दुखले नाहीत.

शनि. ८ नोव्हें. संकष्टी
चूक झाली माझ्या हातून.
बाहेर कुठे भेटलं तर आपण ओळख दाखवायची नाही. पेशंट हसला तर हसायचं. हा नियम सेंटरच्या कामाला येणाऱ्या नवीन बायकांना मीच शिकवते. आणि आज देवळाच्या रांगेत र. पुढे दिसली आणि माझी जीभ सुटली. "अगं, सोमवारची तारीख लक्षात आहे ना? खुशखबर आहे."
तिच्या बाजूला सासू. मला दिसलीच नाही, बुटकी आहे. म्हातारी मालवणकडची. म्हणाली, "खयची तारीख गो?"
र. चा चेहरा पांढरा पडला. म्हणाली, "भजनाची."
"तू भजनाक जातस? माका ठावक नाय तां."
पुढे काय बोलल्या ऐकलं नाही. मी रांग सोडून मागे गेले. मुलगा टीबीने गेला एवढंच त्या बाईला माहीत आहे, आणि सून त्याच घरात राहते. चंद्र दिसला, दोन घासांवर उपास सोडला. मला खुशखबर द्यायची घाई. तिच्यासाठी की माझ्यासाठी ते देव जाणे.

सोम. १० नोव्हें.
र. आली नाही. एक वाजता सेंटरची खिडकी बंद होईपर्यंत बाकावर बसले. मॅडमना सगळं खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
मागच्या वेळी मॅडमनी मोजल्या तेव्हा तिच्याकडे आठ गोळ्या शिल्लक होत्या. वर तीसची बाटली दिली. अठ्ठावीस रात्री झाल्या. म्हणजे आज हातात दहा. १९ ला रात्री शेवटची. २० ला नवी बाटली हातात हवी. खंड पडला की इतक्या वर्षांचं चांगलं आलेलं पुन्हा बिघडायला वेळ लागत नाही. ते मी माझ्या घरात पाहिलंय.

मंगळ. ११ नोव्हें.
फोन लागतो, ती कापते. दोनदा केला. तिसऱ्यांदा नाही केला. सासूने उचलला तर?

बुध. १२ नोव्हें.
र. मरोळला इमिटेशन दागिन्यांच्या गाळ्यात पॅकिंगला आहे. दुपारी दीडला बायका जेवायला बाहेर येतात. समोरच्या चहाच्या टपरीजवळ उभी राहिले. हाक मारायची नाही, हात करायचा नाही. एकदा मोडला तो नियम आता पाळायचा.
ती आली, मला पाहिलं, मैत्रिणींबरोबर पलीकडे गेली. मीही बसच्या दिशेला बघत राहिले.
नामजप पूर्ण झाला मात्र. उभ्याने.

गुरु. १३ नोव्हें.
पुन्हा तसंच. आज तिने पाहिलंसुद्धा नाही. संध्याकाळी आमचं भजन होतं, मन लागलं नाही. टाळ चुकला.

शुक्र. १४ नोव्हें.
टपरीवाला म्हणाला, "मौसी, तीन दिन से खडी हो, एक कटिंग तो लो." घेतला. तेवढ्यात बाजूला येऊन कोणीतरी म्हणालं, "कशाला येता ऊन खायला?" र.
म्हटलं, "मी बससाठी उभी आहे."
"इथे बस थांबत नाही, मावशी." आणि हसली. आधी ती हसली, मग मी.
मग सगळं सांगितलं तिने. त्या रात्रीपासून सासू मागे लागल्यात, सोमवारी भजनाला मी पण येतंय. सोमवारी नऊवारी नेसून दारात तयार. भजन रद्द झालं सांगून र. गाळ्यावर आली. आता रोज विचारतात, कधी आसा, कोणाकडे आसा. "मी एकटी निघाले की चप्पल घालून उभ्याच, गाळ्याच्या दारापर्यंत सोडायला येतात. आत शिरलं की दीडशिवाय बाहेर सोडत नाहीत. सेंटरला येऊ कशी? तुम्ही तोंड उघडलंत आणि माझी वाट लागली."
म्हटलं, हो, माझ्यामुळे. 
"उरल्यात किती?"
"सहा."
माझा हिशेब बरोबर होता.
रिपोर्टचं बोलले नाही. ते मॅडमनी सांगायचं.
घरी येताना सुचलं, तिला म्हणायचं: भजनाची तारीख म्हणालीस ना, मग भजनच ठेवू. गुरुवारी २० ला, माझ्याकडे, सेंटर उघडं असतं त्या वेळेला. सासूला घेऊन ये, टाळ त्यांच्या हातात देते, तू फुलं आणायला जा. फोन केला, आज तिने उचलला. सगळं सांगितलं. मग म्हणाली, "फुलं आणायला अडीच तास?"
"माझ्यावर सोड."

शनि. १५ नोव्हें.
मंडळाच्या बायका खवळल्या. सकाळी साडेनऊला भजन? पाणी, डबे, पोरांची शाळा. पेटीवाली म्हणाली, "ताई, देव संध्याकाळी घरी नसतो का?" म्हटलं, माझा नवस आहे. नवस खरंच बोलले आधी, मग सांगितलं. म्हणजे खोटं नाही. तरी देवापुढे दोनदा माफी मागितली. भजन खरं आहे, कारण तेवढं खोटं. तुझ्याच पायाशी आहे, सांभाळून घे.

बुध. १९ नोव्हें.
गूळ-फुटाणे आणले. सतरंजी झटकली. र. चा मेसेज, 'आज शेवटची.' बाकी काही नाही. माझी घेताना तिची आठवण काढली.

गुरु. २० नोव्हें.
आज सविस्तर लिहिते.
नऊ वाजता दोघी आल्या. सासूबाई इस्त्रीच्या नऊवारीत, स्वतःचे टाळ घेऊन. गावाला देवळात म्हणायच्या. आवाज असा की मजल्यावरच्या बायका दारात आल्या. र. ने पिशवी घेतली, "फुलं आणते हां" म्हणून निघाली. साडेनऊ.
साडेदहापर्यंत कोणाला आठवण नाही. अकराला पेटीवाली म्हणाली, फुलं कुठे राहिली? मी म्हटलं, मीच दादरला पाठवलंय, स्वस्त मिळतात. माझा काटकसरी स्वभाव सगळ्यांना माहीत, पटलं. सव्वाअकरापर्यंत एकामागून एक अभंग घेतले. मग गौळण. माझा घसा बसला.
पावणेबाराला बायका चुळबुळ करायला लागल्या. पोरं येतील शाळेतून. पेटीवाली म्हणाली, "भैरवी घेते." भैरवी झाली की संपलं, त्यानंतर गायचं नसतं. फोन पाहिला, र. चं काही नाही. पुन्हा पाहिला.
तेवढ्यात सासूबाईंनी हात पुढे करून पेटीवर ठेवला. "भैरवी नको इतक्यात. सून येवंदे. तवसर मी म्हणतंय." आणि डोळे मिटून सुरू केलं. तीन भजनं म्हटली एका बैठकीत, दाराकडे एकदाही न बघता. उठायची कोणाची हिंमत झाली नाही.
सव्वाबाराला र. आली. पिशवीत वर शेवंती, खाली बाटली. आत कापूस भरलेला, वाजू नये म्हणून. ती युक्ती माझीच. स्वयंपाकघरात येऊन माझ्या हाताला हात लावला. "मॅडमनी रिपोर्ट सांगितला. मावशी, तुम्हाला माहीत होतं ना?" डोळे भरलेले. म्हटलं, मला काय माहीत असणार, फुलं दे.
मग भैरवी झाली. मी मोठ्याने म्हटली, बसलेल्या घशानेच.
निघताना र. चपला घालत होती. सासूबाई माझ्याजवळ आल्या. टाळ पदराच्या टोकात गुंडाळत, खाली बघत म्हणाल्या, "फुडच्या म्हयन्यात पण सकाळचाच ठेवा हां ताई. ह्याच टायमाक." आणि गेल्या.
पुढच्या महिन्यात र. ला पुन्हा सकाळीच सेंटरला जायचंय, हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

शुक्र. २१ नोव्हें.
मॅडमना यादी दाखवली, र. च्या नावापुढे आता बरोबरची खूण आहे. त्या म्हणाल्या, मावशी, भजन मंडळाच्या जोरावर पेशंट टिकवणाऱ्या तुम्ही पहिल्याच. हसलो दोघी. सासूबाईंचं मात्र त्यांनाही बोलले नाही.
त्या बाईला काय माहीत आहे? आणि कधीपासून? मुलाच्या वेळेपासून असेल तर इतकी वर्षं एका घरात दोघी...
की नुसती हौस भजनाची, आणि माझंच मन.

रवि. २३ नोव्हें.
एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही. पेशंटचं घरच्यांना नाही, हे पक्कं. घरच्यांचं पेशंटला? तसं कधी कोणी शिकवलं नाही, आणि मीही कोणाला नाही.
सांगितलं तर र. मोकळी होईल. किंवा घाबरून पुन्हा बसेल घरात. एकदा माझ्या तोंडाने झालंच आहे. पोथी वाचायला बसले, तीच ओळ चारदा वाचली.
दुपारी तिचा फोन. आवाज हसरा. "मावशी, सासूबाई टाळ घासून ठेवतायत आत्तापासून. कॅलेंडरवर स्वतः खूण केलीय. बरोबर माझ्या सेंटरच्या तारखेवर." मग थांबली. "त्यांना काही वाटलं असेल का हो? तुम्हाला काही बोलल्या का?"
मी म्हटलं, थांब, दारात कोणीतरी आलंय, मग बोलते.
फोन ठेवला. दारात कोणी नव्हतं.