एकशे आठ हाव

शेगाव, ६ मे २०२५

तीर्थरूप बाबांना धम्मशीलाचा सविनय जयभीम. आईलाही.

पत्रास कारण की, फोनवर तुम्हाला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्याला तुम्ही नुसतं हो म्हणता. तीस वर्षं बियाण्याच्या ग्रेडिंग मशीनपाशी घालवलेल्या कानांना आता काय बोलायचं!

काल वरवट बकालच्या आमच्या बियाणे केंद्राचं इंटर्नल ऑडिट केलं. माझं पहिलंच. आपल्याच कंपनीने आपल्याच केंद्रात काम नियमाने चालतं का ते बघायचं, एवढंच. तिथे सोयाबीनच्या बियाण्याला लाल औषध लावून पोती भरतात. औषध विषारी, म्हणून भरणाऱ्या बायांना रोज मास्क आणि हातमोजे द्यायचे असतात. मॅनेजर गजेंद्र साहेबांनी स्वतःची केबिन दिली, पंखा माझ्याकडे वळवला, एकेक बाई स्वतः बोलावून आणली. सहा जणींना मी यादीतले अठराही प्रश्न विचारले आणि सगळ्यांना सगळ्या हाव म्हणाल्या, नाही असं एकदाही कुणी म्हणालं नाही. जेवणाच्या आत काम आटोपलं. पुण्याच्या वरिष्ठांनी फोनवर शाबासकी दिली. अहवाल २६ तारखेला द्यायचा आहे.

कलाबाई नावाची एक बाई तेवढी सारखी खोकत होती. गजेंद्र साहेब म्हणाले, तिला धुळीची सवय आहे.

तुम्ही जन्मभर आडिटवाल्यांना शिव्या दिल्या. आता घरातच एक निघाली, तेव्हा जरा जपून द्या. लोभ आहे तेवढा राहू द्यावा.

तुमची,
धम्मशीला


जानेफळ, ९ मे २०२५

चि. धम्मशीला हिला जयभीम व अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा तुझ्या पुण्याच्या शिक्षणाची कीव आली.

सहा बाया, अठरा प्रश्न, म्हणजे एकशे आठ हाव. जपमाळेला एवढेच मणी असतात. तू जप करून आलीस बाई, ऑडिट नाही.

केबिन त्याची, पंखा त्याने वळवला, बाईही त्यानेच आणली. आणून तो गेला कुठे, हे तू लिहिलं नाहीस. मी सांगतो. तो दारात उभा होता, फोन बघत असल्यासारखा. बाई तोंड तुझ्याकडे करून उत्तर त्याला देत होती. तुझा प्रश्नही सांगतो, आपल्याला मास्क नियमितपणे उपलब्ध करून दिले जातात ना. उत्तर तूच भरून दिलंस, तिने फक्त मान हलवायची. आणि ही बातम्यांतली भाषा कुणासाठी? जन्मली जानेफळात, दोन वर्षं पुण्याचं पाणी प्याली, तर आता मावशीला आपण म्हणते. एवढ्या मानाने कुणी विचारलं की आमच्याकडची बाई पदर सावरते आणि हाव म्हणते.

परत जा. चोरून नको, साहेबाला सांगून जा, पण जेवणाच्या सुट्टीत जा आणि पोत्यावर बस. यादी पिशवीत राहू दे. मास्क मिळतो का, असं विचारूच नको. सकाळी आल्यापासून काय काय करता ते विचार आणि गप्प बस. गप्प बसणं तुला जमत नाही, त्या बाबतीत आईवर गेलीस. जी वस्तू आहे म्हणतील ती कुठे आहे, चला दाखवा म्हण, आणि तिथवर स्वतःच्या पायांनी चालत जा.

खोकणाऱ्या बाईचं उत्तर तू साहेबाकडून ऐकून घेतलंस, याचा मात्र मला खरोखर राग आला.

मशीनवरचा माझा जोडीदार वामनराव नेहमीसारखा ओट्यावर बसलाय. डाव्या हाताने बशी धरतो आणि अर्धा चहा सांडतो. त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. शहाणी झालीस की कळव. माया त्यासाठी अडून राहिलेली नाही.

तुझा,
बाबा


शेगाव, १५ मे २०२५

तीर्थरूप बाबांना सविनय जयभीम.

बुद्धपौर्णिमेला आले नाही म्हणून आई रुसली असेल. माझ्या वाटची खीर वामनकाकांनी खाल्ली असेल तर माझी तक्रार नाही.

गजेंद्र साहेब दारातच उभे होते. फोनही हातात होता. तुमचं पत्र वाचून माझी मलाच लाज वाटली.

परवा परत गेले. पोत्यावर बसले, कलाबाईच्या डब्यातला ठेचा खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा बाया पहिल्यांदा हसल्या. मग विचारलं, मावशी, सकायी आल्यावर पह्यलं काय करता. आणि गप्प बसले. जीव नुसता कासावीस झाला. शेवटी कलाबाई म्हणाली की पह्यलं तं नाकाले पदर बांधतो, मंग पोतं धरतो. मास्क म्हणजे तुम्ही येता त्या दिवशी भेटते आन् संध्याकायी घडी करून वापस द्या लागते. हातमोजे तिने पाहिलेलेच नाहीत. मग बाजूला जाऊन थुंकली. थुंकी लाल होती. म्हणाली, मी पान खात नाही. औषधाचा रंग होता तो, बाबा.

मास्क कुठे आहेत ते दाखवा म्हटलं, तर कपाटाला कुलूप. किल्ली गजेंद्र साहेबांच्या खिशात होती आणि ती सापडायला त्यांना वीस मिनिटं लागली. आत घडी केलेले सहा मास्क आणि चाळीस सीलबंद पुडे, गेल्या वर्षीच्या तारखेचे. आता ते गोड आवाजात विचारतायत की कोण बोललं, म्हणजे सोमवारपासून तिला घरीच बसवता येईल. आणि आमच्या अहवालाच्या फॉर्ममध्ये रकाना आहे, कोणी काय सांगितलं त्याचा, नावासकट. नाव लिहिलं तर कलाबाईचं काम जातं. नाही लिहिलं तर बाया पुन्हा पदर बांधतात. यापुढचं तुम्ही शिकवलं नाही.

आणखी एक. तुम्हाला हे सगळं इतकं बारीक कसं माहीत? तुम्ही ज्याला शिव्या देता तो आडिटवाला आला, त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते लिहा. मी गप्प बसलेय.

तुमचीच,
धम्मशीला


जानेफळ, १८ मे २०२५

चि. धम्मशीला हिला जयभीम व आशीर्वाद.

आधी तुझं काम. कलाबाईचं वेगळं नाव लिहू नको. सहा जणींची नावं एकाखाली एक लिही आणि सगळ्या नावांपुढे एकच ओळ लिही, की कामाची जागा दाखवली. पुढे कपाट लिही, कुलूप लिही, किल्ली कुणाच्या खिशातून निघाली ते लिही, पुड्यांवरची तारीख लिहून फोटो लाव. याला साक्षीदार तू. कपाटाला कामावरून काढता येत नाही. सहाही जणींची छाती डॉक्टरकडून तपासून घ्या असं शेवटी लिही, एकटीची नको.

आता तुझा प्रश्न. ते साल २००४. सकाळी मशीन सुरू केलं. पट्ट्यावरची लोखंडी जाळी सहा महिने स्टोअरमध्ये पडली होती, कारण ती नसली की काम लवकर उरकतं. अकरा वाजता मला केबिनमध्ये बोलावलं. मॅनेजर दारात होता. आडिटवाल्याने विचारलं, जाळी बसवलेली असते ना. मी हाव म्हटलं. त्याने दुसरा प्रश्न विचारला नाही. मशीन वीस पावलांवर होतं, तिथवर तो आला नाही. अकराव्या दिवशी वामनरावचा उजवा हात पट्ट्यात गेला.

एकवीस वर्षं मी त्या माणसाला शिव्या दिल्या. स्वतःला द्यायची हिंमत नव्हती, म्हणून.

काल तुझं पत्र वामनरावला वाचून दाखवताना शेवटच्या ओळीशी थांबलो. मग त्याला सगळं सांगितलं. त्याने बशी खाली ठेवली. मग माझ्या बऱ्या कानाशी आला आणि म्हणाला, मालूम हाये बे मले. तुह्या आंधी मीच तं गेलतो अंदर. मलेबी त्यानं थेच इचारलं, अन् मीबी हावच म्हटलं.

तर तुझ्या एकशे आठात आमचे दोन मिळव. अहवाल पाठवलास की कळव. लोभाचं विचारू नको, बाकी सगळं विचारत जा.

तुझा,
बाबा