रकाना सातवा आणि माझी इतर मिळकत

मी, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा निवृत्त प्रवेश-कारकून, एका खासगी आंतरराष्ट्रीय शाळेच्या फीच्या खिडकीमागे एकतीस वर्षे बसलेला, आज सकाळी चहा घेऊन, चष्मा पुसून, कोणीही हात न धरता हे लिहायला बसलो आहे. डॉक्टरांनी काल तपासून ‘डोके शाबूत आहे’ असा दाखला दिला. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिले नाही. हे माझे पहिले मृत्युपत्र आणि हेच शेवटचे. यापूर्वी मी जन्मभर दुसऱ्यांचेच अर्ज तपासले.

कायद्याला लागणारी नावे वकीलबाईंनी वेगळ्या कागदावर टंकून सोबत जोडली आहेत. माझ्या पश्चात सगळी व्यवस्था त्यांनीच पाहायची आहे. इथे मात्र मी माणसांना ज्या हाकेने ओळखतो तीच लिहीन. मलाही आयुष्यभर पालकांनी ‘खिडकीकाका’ म्हटले आणि मी ओ दिली.

माझ्या एकुलत्या एक लेकीला मराठी बऱ्यापैकी समजते, पण वाचता येत नाही. तेव्हा हे तिला मोठ्याने वाचून दाखवावे. असे का, ते चौथ्या कलमात येईल.

कलम पहिले. राहते घर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, मोरी आणि गॅलरी. ही माझी स्वकष्टार्जित मिळकत असून ती लेकीला द्यावी. ती विकणार हे मला ठाऊक आहे, आणि विकावी. जावईबापूंना जिना चढवत नाही आणि मला उतरवत नाही, म्हणून आमचे संबंध चांगले राहिले. एकच सांगणे: गिऱ्हाईक सकाळी अकराला आणू नये. त्या वेळी मागच्या शाळेची मधली सुट्टी होते आणि गोंगाटाने भाव पडेल. मी मात्र गेली वीस वर्षे अकराच्या आधी पाच मिनिटे खुर्ची त्या खिडकीशी ओढतो. चारशे पोरे एकदम ओरडली की त्यात शब्द नसतो, भाषा नसते, नुसता हुरूप असतो. जग त्या पंधरा मिनिटांत बरे वाटते.

कलम दुसरे. हत्यारे. तारखेचा शिक्का (वर्षाचे चक्र संपले आहे, फिरवू नये), नोटा मोजायची रबरी टोपी, शाईचा पेन आणि पितळी कागददाब हे सर्व शाळेचे निवृत्त शिपाई घंटामामा यांस द्यावे. एकतीस वर्षे त्यांनी घंटा वाजवली आणि मी शिक्का मारला. शाळा आम्ही दोघे चालवतो असे आमचे ठाम मत होते. बाकीच्यांना ते कळवले नव्हते.

शाळेच्या हिशेबनिसाला, ज्याला आम्ही ‘टाय’ म्हणत असू, काहीही देऊ नये. त्याने माझ्या खिडकीवर ‘येथे चौकशी करू नये’ अशी पाटी लावली होती. चौकशीची खिडकी तीच होती.

कलम तिसरे. पुस्तके. माझ्या लहानपणीच्या शाळेची पहिली ते सातवीची मराठी वाचनपुस्तके, पैकी तिसरीचे नाही. ते माझ्या धाकट्या भावाने ‘दोन दिवसांत देतो’ म्हणून नेले, त्याला एकावन्न वर्षे झाली. त्याला मी माफ केलेले नाही. त्याने ते आणून दिल्यास माझा लोकरीचा कोट त्याचा, न दिल्यास कोट घंटामामांचा.

त्या तिसरीच्या पुस्तकात एका नावाड्याची कविता होती. आम्ही साठ पोरे ती एका सुरात म्हणायचो. शेवटच्या ओळीला मागचे बाक मुद्दाम एक मात्रा लांबवायचे आणि गुरुजी डस्टर आपटायचे. मला वाटते, त्या लांबवलेल्या एका मात्रेतच माझे बालपण राहून गेले. फीच्या खिडकीत बसल्या बसल्या मी ती कविता मनात म्हणायचो, आणि शिक्का नेमका तालावर पडायचा.

माझ्या बायकोला ती माझ्यापेक्षा चांगली येत होती. मी विसरलेली कडवीसुद्धा. लेक लहान असताना ती तिची वेणी घालता घालता कविता म्हणायची. एका वेणीला दोन कडवी लागायची.

कलम चौथे. यात मिळकत नाही, कबुली आहे. वकीलबाई म्हणाल्या, ‘काका, मृत्युपत्रात असलं नसतं.’ असू द्यावे.

आमच्या शाळेच्या प्रवेश अर्जात सातवा रकाना होता: घरात बोलली जाणारी भाषा. तिथे ‘इंग्रजी’ सोडून दुसरे काही लिहिले की मूल आधी एक वर्ष पूर्वतयारी वर्गात जायचे. त्याची फी वेगळी. शिवाय नेहमीच्या वर्गातली त्याची जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलाला मिळायची. हा नियम अर्जाच्या मागे इतक्या बारीक अक्षरात होता की मीच तो वाचला होता. म्हणून मी मान खाली घालून, शिक्का मारता मारता हळूच सांगायचो, “ताई, सातव्यात इंग्रजी लिहा. वर्ष वाचेल.” किती जणांना सांगितले याची गणती नाही. लोक दुवा द्यायचे. मला वाटायचे, आपण पुण्य करतो आहोत.

मग माझ्याच लेकीचा अर्ज आला. कर्मचाऱ्यांच्या मुलांना अर्धी फी माफ होती. तो अर्ज मी घरी भरला. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

“सातव्यात काय लिहिलंत?”

“इंग्रजी.”

“कोण बोलतं हो आपल्या घरात इंग्रजी? रेडिओ?”

“लिहायचं असतं तसं. सगळेच लिहितात.”

तीन महिन्यांनी वर्गशिक्षिकेची चिठ्ठी आली. अर्जात दिल्याप्रमाणे मुलीचा घरचा सराव दिसत नाही, पालकांनी लक्ष द्यावे. मी चिठ्ठी खिशात घालणार होतो. बायकोने हातातून घेतली.

“खाली सही तुमची आहे ना?”

“आहे. जाऊ दे गं.”

“जाऊ दे कसं? उद्या तुम्हालाच त्या खिडकीत बसायचंय. तुमची सही खोटी नाही पडू द्यायची. मी शिकते.”

ती शिकली. लेकीच्या पहिल्या पुस्तकातून तिने वीसेक वाक्ये काढली आणि कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मराठी अक्षरांत लिहिली. कम हिअर. ईट प्रॉपर्ली. व्हेअर इज युअर शू. पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. पुढची बारा वर्षे तिने त्या वीस वाक्यांत लेक वाढवली. वेणी मुकाट्याने घालू लागली, आणि ती लवकर होऊ लागली.

ही बाई कशी बोलायची, ते आज ऐकणाऱ्याला सांगून खरे वाटणार नाही. हिशेबनिसाला पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्या कानाशी म्हणाली, “गळ्यात बघा काय ते! गळफासाची तालीम चाललीय जशी.” त्याचे ‘टाय’ हे नाव तिथून पडले. भाजी महाग झाली की भाजीशी भांडायची, भाजीवाल्याशी नाही. लेक शाळेत गेली की माझ्याशी ती असे बोलायची. पण मी तरी त्या वेळी घरात कुठे असायचो? मी खिडकीत. दुसऱ्यांचे सातवे रकाने भरून घेत.

लेक सोळा वर्षांची असताना मैत्रिणीला सांगत होती, ते आम्ही दोघांनी दाराआडून ऐकले: आई फार कमी बोलते, स्वभावच आहे तिचा. बायको माझ्याकडे बघून हसली. “ऐकलंत? स्वभावच आहे माझा.”

त्यानंतर तिने माझ्याशीही बोलणे आवरते घेतले. रागाने नव्हे. वापर कमी झाला की विहिरीचे पाणी खाली जाते, तसे.

कलम पाचवे. मुदतठेव. माझ्या पगारातून, पुढे पेन्शनमधून, मी एक ठेव राखली आहे. पूर्वतयारी वर्गाची एका वर्षाची फी जेवढी, तेवढीच तिची रक्कम. शाळेने फी वाढवली की मी भर घालत आलो. जी फी मी एकदा चुकवली तीच ही, असे मी मनाशी धरले आहे. ही ठेव माझी नात भिंगरी हिला द्यावी. भिंगरी पाच वर्षांची आहे आणि एका जागी तिला मी फक्त झोपलेली पाहिली आहे.

तिला त्याच शाळेत घालायचे आहे. अर्ज शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे. गेल्या रविवारी लेक तो माझ्याकडे घेऊन आली. “बाबा, यू आर द एक्स्पर्ट,” म्हणाली, “एकदा बघा.” मी सवयीने सरळ सातव्या रकान्यावर गेलो. तिच्या सुबक अक्षरात लिहिले होते: इंग्रजी. आणि ते खरे होते. तिच्या घरात तेच बोलतात. हजारो अर्ज माझ्या हाताखालून गेले, पण आपल्या माणसांच्या अर्जात त्या रकान्यात खरे उत्तर मी प्रथमच पाहिले. चष्मा काढून पुसला. “ठीक आहे,” म्हणून अर्ज परत दिला.

~~ही ठेव भिंगरीला तेव्हाच मिळावी, जेव्हा तिच्या अर्जात सातव्या रकान्यात ‘मराठी’ असे लिहिले जाईल आणि ती एक वर्ष पूर्वतयारी वर्गात बसेल.~~

वरची अट मी पट्टी लावून खोडली आहे व बाजूला सही केली आहे. खोडण्याचे कारण असे. साक्षीदार म्हणून घंटामामांबरोबर शेजारच्या शिवणताई आल्या. आमच्या गॅलरीच्या उजेडात त्या मशीन चालवतात. माझ्या बायकोच्या शेवटच्या वर्षांत तिच्याशी तोंडभरून बोलणारी बाई ती एकच. त्यांनी पान वाचले आणि दातातला धागा काढला.

“म्हणजे काका, आता लेकीनं पण खोटं लिहायचं?”

“खोटं कसं? आपली भाषा ती.”

“तुमची. त्या घरात कोण बोलतं? एकदा लिहिलंत इंग्रजी, तर काकूंचं तोंड बंद झालं. आता लेकीचं कोणत्या भाषेत बंद करताय?”

मी उठलो. पट्टी शोधली. ठेव भिंगरीला बिनशर्त द्यावी. तिने तिचे काय करायचे ते करावे, भोवरे घेतले तरी चालतील.

कलम सहावे. हे एक वाक्य आहे. ते माझे नाही, मी फक्त दाबून ठेवले होते.

सहा वर्षांपूर्वी बायको गेली. शेवटचे दोन दिवस हॉस्पिटलात तिची वीस वाक्ये तिला सोडून गेली आणि ती सलग मराठीत बोलत राहिली, श्वास पुरत नव्हता तरी. लेक हात धरून बसली होती. शब्द तुटत होते, तिला लागत नव्हते. “बाबा, काय म्हणतेय आई?” मी म्हणालो, “औषधं वेळेवर घे म्हणतेय.” माझ्याने दुसरे काही बोलवले नाही.

ती म्हणत होती, “माझं बोलणं ऐकायचं राहिलंय हो तिचं. तिला विचारा ना, ऐकायचंय का?”

हा प्रश्न मी माझ्या लेकीच्या नावे करतो. माझ्या पश्चात तिला तो विचारावा.

इथवर लिहून मी सहीला पेन उचलला, तर शिवणताईंनी हातच धरला. (वर ‘कोणीही हात न धरता’ असे लिहिले आहे. ते तेवढ्यापुरते दुरुस्त समजावे.)

“काका, हे मेल्यावर विचारणार? आणि ती ‘हो’ म्हणाली, तर ऐकवणार कोण?”

घंटामामांनी घड्याळाकडे पाहिले. ते म्हणाले, “लाव फोन. तास संपत आलाय.”

कलम सहावे त्यामुळे आजच अमलात आणले. ते असे.

फोन लावला. लेकीने विचारले, बाबा, सगळं ठीक ना? मी सांगितले. चिठ्ठी सांगितली, कपाटातले पान सांगितले, आईचे भाजीशी भांडणे सांगितले, हॉस्पिटल सांगितले, आणि तो प्रश्न. मी फोन दुसऱ्या कानाशी नेला. मग ती मराठीत बोलली. एकेक शब्द चाचपडत, अंधारात जिना उतरावा तशी.

“बाबा, आई... एवढं बोलायची?”

“माझ्या चौपट.”

“मला वाटायचं, तिला माझ्याशी बोलायला काही नाही. मी... मी तिला आवडत नाही.”

मी फोन तोंडापासून लांब धरला, तरी तिला ऐकू गेले.

“बाबा, तुम्ही रडू नका. मला ऐकायचंय. सगळं.”

“खूप आहे गं. एका दिवसात होणार नाही.”

“मग रोज येते. आज येते. भिंगरीला पण आणते.”

तेव्हा या कलमाची अंमलबजावणी माझ्या हयातीत मीच करीन. काही राहून गेल्यास शिवणताई आणि घंटामामा यांनी पुरे करावे. दोघांनी माझ्या बायकोला बोलताना ऐकले आहे आणि दोघांनाही तिची नक्कल बरी जमते. वकीलबाईंना या कलमाचे काही काम उरलेले नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, एका ठिकाणी खोडला. कोणी दटावले असेल तर ते शिवणताईंनी, आणि ते योग्यच केले.

सही: खिडकीकाका (पूर्ण नाव जोडपत्रात)

आमच्या डोळ्यांसमोर यांनी सही केली, आणि यांच्या समोर आम्ही:

साक्षीदार १: शिवणताई, शेजारीण
साक्षीदार २: घंटामामा, निवृत्त शिपाई (कोटाबद्दल आधी माहिती नव्हती)

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ११ मार्च, मंगळवार, दुपारचे सव्वाबारा

सहीचे शेवटचे अक्षर जरा ओढले गेले आहे, तरी सही माझीच आहे. जिन्यात दोघींची पावले वाजत आहेत, त्यातली एक पळते आहे.