बटणांच्या डब्यातील पाकीट

प्रिय मृणालिनी आनंद लेले,

तुझ्या पश्चात खडवलीतील तुझ्या शिवणवर्गाची भाड्याची खोली रिकामी करण्यास मी आज गेलो होतो. बटणांच्या डब्यात गर्भनिरोधक गोळ्यांचे पाकीट सापडले. त्यावर तुझ्या अक्षरात 'शिवानी' असे लिहिले होते. घरमालकीण नंदाबाईंची ही नवी सून एकही दुपार न चुकता शिवणाला का येत असे, याचा मला तेव्हा उलगडा झाला.

इतक्यात नंदाबाई दारात आल्या. मी पाकीट घाईने लपवले.

"लपवू नका, साहेब. सुनेच्या गोळ्या हायेत. तिला वाटतं, म्हातारीला काय कळतंय!"

"मग आपण तिला तसे सांगत का नाही?"

"एकदा तोंडावर बोलणं झालं, की पोराच्या कानावर जायला किती वेळ? त्याला तर लगेच मूल पायजे. मला विशीच्या आत तीन झाली, साहेब. कोणी विचारलं व्हतं मला?"

नंदाबाईंना ठाऊक आहे, हे तुला ठाऊक होते काय? शिवणवर्गात काय चालते, हे मी तुला अकरा वर्षांत एकदाही विचारले नाही. आज मात्र प्रश्न संपत नाहीत.

"खोलीचे आता काय करणार?" मी विचारले.

"भाड्यानं नाय देणार. घरात त्या गोळ्या ठेवायला तिला जागा कुठंय? मशीन ऱ्हाऊ द्या. किल्ल्या तिलाच द्या, शिवण कर म्हणावं."

पाकीट मी डब्यात पूर्ववत ठेवले, दाराला कुलूप लावले आणि दोन्ही किल्ल्या शिवानीच्या स्वाधीन केल्या.

तुझा,
आनंद