तिसऱ्या पायरीखाली

४ जानेवारी

ती. स्व. मामांना,
सा. न. वि. वि.

ज्या खाणीची मोजणी करण्यात तुमचा जन्म गेला, तिच्यात काल मी उतरले. केवढा हा खड्डा! तळाशी उभा असलेला ट्रक मला कुणाचं तरी खेळणं पडल्यासारखा वाटला. डोंगर कापून केलेल्या त्या राक्षसी पायऱ्या, तांबड्यावर पिवळा, पिवळ्यावर राखी असे थर, आणि तळ्याचं पाणी इतकं हिरवंनिळं की मला बोलायचं सुचेना. मी आणि गप्प! आईला कळवलं, तर तिचा विश्वासच बसला नाही.

खाण बंद होऊन वीस वर्षं झाली. आता उतारांवर माती चढवून झाडं लावलीत आणि तिसऱ्या पायरीवर मी आखलेली शाळा होणार आहे. मागची भिंत खडकाची, समोर सगळं तळं. तीनशे मुलं शिकतील. खाली सलग कातळ आहे असं तुमचाच जुना नकाशा सांगतो. त्यावरची सही आमच्या मामांची, हे मी साइटवर सगळ्यांना मिरवून सांगितलं.

गुडघ्याला तेल लावता ना? माया आहेच, ती चढती राहो.

तुमची भाची,
भिंगरी


११ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. पाठ करताय का, असं तुझ्या मामीने विचारलं. गुडघा ठीक आहे, जिने सोडले तर.

शाळेचं ऐकून आनंद झाला. पण तिसरी पायरी कशाला? तिथे वारा फार. पहिल्या पायरीवर घ्या, ऊन चांगलं मिळतं, मुलांना चढउतारही कमी. थोरल्यांचं कधीतरी ऐकावं.

आशीर्वाद कायमचे आहेत, पत्र फक्त निमित्त.

मामा


१७ जानेवारी

ती. स्व. मामांना,
सा. न. वि. वि.

खड्ड्यात कसला वारा? मामा, तिथे रुमालसुद्धा हलत नाही. आम्ही तीन ठिकाणी भोकं पाडून पाहिली, तिन्हींत कातळच लागला. पंचवीसला पाया खोदायला घेतोय.

बारावीत मी नापास झाले तेव्हा सगळे नशिबाला बोल लावत होते. मी अभ्यास केला नव्हता, हे तुम्ही एकटे बोललात. तुम्ही मला कधी खोटं कारण दिलं नाहीत. म्हणून विचारते, काय आहे ते सांगा. फोनवर तुम्ही हवापाण्याचंच बोलता, तेव्हा लिहाच.

रागावू नका. लोभ आहे तो आटू देऊ नका.

भिंगरी


२१ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

नकाशा खोटा आहे.

खाणीच्या शेवटच्या वर्षी तिसऱ्या पायरीखाली चांगलं खनिज लागलं, पण परवानगीच्या हद्दीबाहेर. मॅनेजरने गुपचूप बोगदा काढायला लावला. मी आत जाऊन मापं घेतली आणि नकाशावर बोगदा दाखवलाच नाही. नोकरी जाईल ही भीती, दुसरं काही नाही. बोगदा अरुंद आहे, तुमची भोकं त्याच्या अल्याडपल्याड पडली असणार. मॅनेजर गेला, मुकादमही गेला. तो नकाशावर नाही हे ठाऊक असलेला आता मी एकटा.

वाऱ्याची थाप मारताना माझी मलाच लाज वाटली. तीनशे मुलांच्या पायाखाली पोकळी ठेवून मी आशीर्वाद कसले देतोय?

सोबत माझी मापवही आहे. तीत खरी मापं आहेत. ऑफिसात दाखव आणि माझं नाव लपवू नकोस. चाळीस वर्षं कमावलेली अब्रू जाईल, जाऊ दे. मामीला आज सांगितलं. तिने चहा नेहमीसारखाच केला.

लोभ असावा, असं लिहायला हात धजत नाही. तरी लिहितो.

मामा


२ फेब्रुवारी

ती. स्व. मामांना,
सा. न. वि. वि.

पायाचं खोदकाम थांबवलं आणि तुमच्या मापांवरून चौथं भोक पाडलं. अकरा मीटरवर ड्रिल एकदम खाली गेलं. आमच्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

मग बाजूने वाट मोकळी केली, हवा तपासली आणि आम्ही चौघं आत गेलो. मामा, कसं सांगू! दिव्याच्या उजेडात छत चमचमत होतं. भिंतीवर दर पाच मीटरला तुमचे पांढरे आकडे, काल लिहिल्यासारखे. वहीशी ताडून पाहिले, बोटभराचाही फरक नाही. डोंगराच्या पोटातलं हे एवढं मोठं गुपित तुम्ही वीस वर्षं एकट्याने सांभाळलंत. मला तुमचा राग आला आणि रडूही आलं.

शाळा आता पहिल्या पायरीवर होईल. सगळी रेखाटनं नव्याने करायची आहेत, करू.

ऑफिसात झाल्या प्रकाराचा अहवाल भरायचा होता. जुन्या नोंदींतली त्रुटी एवढंच लिहिलं तरी चालेल, असं मोठे साहेब म्हणाले. मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण चूक कोणाची, या रकान्यात मी तुमचं पूर्ण नाव लिहिलं. चूक कोणी उघड केली, असा रकाना त्या कागदावर नव्हताच. तो मी पट्टी घेऊन आखला आणि तेच नाव पुन्हा लिहिलं.

मामींना नमस्कार. माया होती तशीच आहे.

तुमचीच,
भिंगरी