भाऊच्या सहीचा कागद

९ नोव्हें., जळगाव
देवपूरहून सकाळच्या बसने आले. भाऊ आणखी वाळलाय. डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलं, फार तर दोन महिने. भाऊला सांगावं लागलंच नाही. "शकू, वही काढ. वेळ कमी आहे." जुन्या इटालियन कवीच्या महाकाव्याचं मराठी तो सांगतो, मी लिहिते. हात थरथरायला लागल्यापासून त्याचं सगळं माझ्याच अक्षरात. अर्जांसाठी कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवल्यात. दोन उरलेत.

१२ नोव्हें.
आजचा भाग अवघड. राजाला आणि धर्मगुरूला अधिकार देवाचाच, पण वेगवेगळा. दोन्ही एका हाती गेले की राज्यही नासतं, धर्मही.
मी : एवढा श्रद्धाळू माणूस धर्मगुरूंना नरकात कसा घालतो?
भाऊ : श्रद्धा आहे म्हणूनच घालतो. नसती तर त्याचं काय अडलं होतं?
भाऊ स्वतः खंडेरायाला फूल वाहिल्याशिवाय चहा घेत नाही. आणि गावाने ह्यालाच नास्तिक ठरवलं. पंचायतीच्या निवडणुकीत पुढाऱ्यांनी लोकांना बेल-भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली, मतं बांधली, तेव्हा हा देवळातच उभा राहिला. "देवाला पॅनेलमध्ये ओढू नका." मग गिरणीवाला दळण देईना. गाव सोडलं, ते तीस वर्षं झाली.

१५ नोव्हें.
दुपारी डोळा लागला होता. उठून म्हणाला, "वेशीवरची चिंच आहे का गं अजून?"
एवढंच. मी भांडी घासायला गेले. नळ उगाच मोठा सोडला.

१७ नोव्हें.
भाऊला सांगितलं, देवपूरला जाते. गेले गावी, पारोळ्याच्या पुढे. नाना भाऊचा वर्गमित्र, आता देवळाचा अध्यक्ष.
"भाऊले लई ये, अक्का. बठ्ठं गाव वाट दखी ऱ्हायनं. फक्त एक कागद दी टाक, मी चुकनू म्हनीसन."
"तो द्यायचा नाही. आता त्याचं लिहिणंही माझ्याच हातचं."
"मंग तू लिख. अक्षर तं तुनंच शे."
सहीचे कागद पर्समध्ये होते. का घेतले होते, ते मला माहीत आहे. देवळाच्या पायरीवर बसून माफीच्या चार ओळी लिहिल्या. परतताना कागद नानाच्या नावाने पोस्टात टाकला, भाऊनेच पाठवल्यासारखा.

१९ नोव्हें.
भाऊने आज कवितेबाहेरचं सांगितलं. कवीला त्याच्या शहराने हद्दपार केलं होतं. पुढे निरोप आला : चारचौघांत पश्चात्ताप कर, परत ये. तो गेला नाही. परक्या गावात मेला.
पेन थांबलं.
"काय झालं?"
"शाई संपली."
त्याने पेनाकडे पाहिलं.

२३ नोव्हें.
नानाचा फोन थेट भाऊला. आनंदात होता. "तुना कागद भेटना, भाऊ! चंपाषष्ठीले देऊळमा वाचसूत!"
भाऊने फोन माझ्या हातात दिला.
"सही माझी?"
"हो."
"अक्षर?"
"माझं."
मग, "शुद्धलेखन तरी नीट होतं ना?"
वही उघडली नाही आज.

२५ नोव्हें.
दोन दिवस वही बंदच. संध्याकाळी उरलेला सहीचा कागद मागितला. थरथरत्या हातांनी फाडला, चार प्रयत्न लागले. मी मदत केली नाही. मग वहीतलं कोरं पान पुढे केलं. "आता तुझ्या सहीने लिही."
लिहिलं. भाऊ चुकला नव्हता. तो कागद मी लिहिला. त्याला न विचारता.
मोठ्याने वाचायला लावलं. इतकी वर्षं शाळेत शिकवलं, पण वर्गात माझा आवाज असा कधी फुटला नव्हता.
"गाडी सांग उद्याची," म्हणाला. "मीही येतो."

२६ नोव्हें., चंपाषष्ठी
गाडीत बसून लिहितेय. पारोळ्याहून नानाला फोन केला. पहिला कागद खोटा, दुसरा मी देवळात वाचणार, भाऊ बरोबर आहे. मग, "वेशीवरच थांबा, अक्का. मी गावले इचारस."
थांबलोय, तासभर झाला. भाऊ मागे आडवा. मांडीवर खंडेरायासाठी आणलेली फुलं, सुकायला लागलीत. अजून चहा घेतलेला नाही.
चिंच आहे. भाऊला दिसते का, ते विचारलं नाही.
देवळाकडून कुणीतरी येतंय. एकटंच.