हा अर्ज डॉक्टरसाहेबांकडे न पाठवण्याबाबत

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
व्यसनमुक्ती केंद्रे विभाग

विषय : मुलांच्या व्यसनमुक्ती केंद्राच्या संचालकांची पात्रता त्यांच्याखेरीज अन्य कोणी तपासण्याबाबत.

संदर्भ : माझा मागील अर्ज व त्याला संचालकांच्याच सहीने आलेले उत्तर.

महोदय,

१. माझे फोटो फ्रेमचे दुकान आहे. माझी सोळा वर्षांची मुलगी खोकल्याच्या औषधाच्या सवयीपायी पाच महिने सदर केंद्रात आहे. संचालकांना सगळे डॉक्टरसाहेब म्हणतात. मीही म्हणतो, जिभेला तसे वळण पडले आहे.

२. त्यांच्या भिंतीवरची प्रमाणपत्रे मीच फ्रेम केली. तीन संस्थांची तीन, पण कागद एकाच गठ्ठ्यातले. एकोणीस वर्षांपूर्वीची तारीख असलेल्या शिक्क्याची शाई माझ्या अंगठ्याला लागली. गिऱ्हाईकाला काय विचारायचे, म्हणून काच पुसली आणि खिळे मारले. पुढे मुलीला दाखल करताना तीच भिंत पाहून मी निर्धास्त झालो. माझी अक्कल तेव्हा गहाण पडली होती. याची मला फार लाज वाटते.

३. सुटकेसाठी लघवीचा अहवाल स्वच्छ लागतो. प्रयोगशाळा त्यांच्या पत्नीची. मुलीला शाळेतून या केंद्रात धाडणाऱ्या समुपदेशक बाई त्यांच्या सख्ख्या मेहुणी. अहवालात दरवेळी औषध सापडते. कुलपातल्या मुलीला ते मिळते कुठून, असे विचारताच ‘पालकांचे असहकार्य’ असा शेरा पडला.

४. शेवटच्या भेटीत मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही कुठे काही बोलू नका हं. तुम्ही बोललात की माझ्या झोपेच्या गोळ्या वाढवतात.” मी तिचे ऐकले नाही, अर्ज केला. आपल्या कार्यालयाने तो आपल्या समितीच्या तज्ज्ञ सदस्यांकडे अभिप्रायार्थ पाठवला. ते सदस्य म्हणजे डॉक्टरसाहेबच. त्यांनी स्वतःची रीतसर चौकशी करून स्वतःला निर्दोष ठरवले आणि माझी भेट बंद केली.

५. सबब विनंती की, हा अर्जही तिकडेच जाणार असेल तर आवक नोंदवहीत चढवण्यापूर्वी फाडून टाकावा. मी राग मानणार नाही. कारवाईही मागत नाही. फक्त आपण एकदा, न कळवता, स्वतः जावे. ती ‘मी बरी आहे’ म्हणेल, तसे पढवलेले असते. ती आपली आपण उभी राहते का, एवढेच पाहून मला सांगावे.

आपल्या निरोपाकडे डोळे लावून बसलेला,
(सही)
मुलीचे वडील

दिनांक : भेट बंद झाल्यापासून एकविसावा दिवस

सोबत :
१) मागील अर्ज व उत्तराची प्रत.
२) मुलीचा फोटो. तो दाखल होण्यापूर्वीचा आहे. चेहरा जुळला नाही तर डाव्या भुवईवरच्या व्रणावरून ओळखावे.