बाणाचं टोक माझ्याकडे

३ फेब्रुवारी
"कोंबडा आधी आरवतो, म्हणून सूर्य काही त्याच्यामुळे उगवत नाही," असं शाळेत पद्माबाई म्हणाल्या होत्या. आज वाराणसीत प्रयोगशाळेत रुजू झाले आणि ते आठवलं. इथलं काम तेच: मेंदूचा कुठला भाग कुठल्या भागाला हलवतो ते शोधायचं. एकाची आधीची हालचाल पाहून दुसऱ्याची पुढची ओळखता आली, तर पहिल्याकडून दुसऱ्याकडे बाण काढायचा. भाड्याची खोली मंगला गौरीच्या देवळाजवळ, गोपीनाथकाकांकडे. खिडकी बंद ठेव, नाहीतर माकड चष्मा नेईल आणि बिस्कुट घेतल्याशिवाय देणार नाही, असं काकांनी बजावलंय. मजेत आहे.

५ फेब्रुवारी
इथली रीत: नव्या माणसाने एका स्कॅनरमध्ये पडायचं, त्याच वेळी दुसऱ्यात प्रमुख रत्नाकर सर. दोन्ही यंत्रांची घड्याळं जुळतात का ते कळतं. बकुळ इथे सहा वर्षं आहे. ती म्हणाली, ही आमच्याकडची मुंज.

९ फेब्रुवारी
चूक झाली. माझ्या मेंदूच्या फायलींत एक सरांची गेली. गणिताला माणसं कळत नाहीत. त्याने बाण काढला. सरांच्या कपाळामागून माझ्या उजव्या हाताच्या भागाकडे. उलट बाण नाही. बकुळ म्हणाली, यंत्राचा आवाज दोघांनी ऐकला, तोच दोघांना हलवत असेल. आवाज वजा केला. बाण जाड झाला.

१२ फेब्रुवारी
राजीनामा लिहायला बसले. कागदावर उमटलं: माझ्या नेमणुकीची मुदत एक वर्ष वाढवून मिळावी. अक्षर माझं. फाडलं. पुन्हा तेच. बकुळला दाखवलं. "हो जाता है," म्हणत तिने ड्रॉवर उघडला. तिचे असे सहा अर्ज.
सहा वर्षं! आणि हसते!

१३ फेब्रुवारी
सरांच्या तोंडावर सांगितलं, माझा हात सोडा. बेटा, गणितावर इतका विश्वास ठेवू नये, म्हणाले. बोलता बोलता त्यांनी मूठ मिटली. दोन सेकंदांनी माझी मिटली. त्यांनी ते पाहिलं. चहा मागवला. चहा!

१४ फेब्रुवारी
डाव्या हाताने लिहितेय. या हाताचा मेंदूतला भाग तपासलाच नव्हता. तिथे बाण नाही — अजून तरी. गाडीचं तिकीट काढलं. उजव्या हाताने रद्द केलं.

१५ फेब्रुवारी
सर, ही वही तुमच्या टेबलावर ठेवणार. संताप होतोय — तो तरी माझाच ना?
तुम्ही नाहीच म्हणणार. तरी मागते. एक दिवस, एकच, माझा विचार करू नका. तेवढ्यात मी स्टेशन —